गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा परवडतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणारे प्रश्न साधारण दोन जातीचे असतात. रुग्ण खाटेवर असतो तेव्हा विचारतात, "कार्ड चालेल का?" आणि तो घरी सुखरूप आला की विचारतात, "सरकार एवढा पैसा ओततंय, तो सार्थकी लागतो का?" दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला पहिल्याचं उत्तर माहीत नसेल तर हिशेब चुकतो, म्हणून दोन्ही इथे एकत्र घेतले आहेत. बोलणं मुख्यतः महाराष्ट्रातल्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल आहे.

१. जीवनदायी, महात्मा फुले, आयुष्मान या तीन वेगळ्या योजना आहेत का?

नावं जास्त, योजना कमी. १९९७ साली राज्याने 'जीवनदायी' योजना आणली, ती मोजक्या मोठ्या आजारांपुरती होती. २ जुलै २०१२ रोजी विम्याच्या धर्तीवरची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पसरली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये पाच लाखांच्या संरक्षणासह आली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालतात. गावाकडे लोक अजूनही "जीवनदायीत बसवलं" असंच म्हणतात आणि रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, ते बरोबर कळतं.

२. माझं रेशनकार्ड पांढरं आहे. गरिबांची योजना मला कशी लागू होईल?

होते. आधी पिवळं आणि केशरी कार्ड, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतले शेतकरी एवढेच पात्र होते. १ जुलै २०२४ पासून राज्यातली सगळी शिधापत्रिकाधारक आणि अधिवासी कुटुंबं योजनेत आली आणि मर्यादा दीडवरून पाच लाखांवर गेली. ही मर्यादा अख्ख्या कुटुंबाला मिळून आहे, माणशी नाही. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता वेगळं संरक्षण दिलं आहे. त्याचं कार्ड निराळं काढावं लागतं.

एक कुरकुर नोंदवतो. सगळ्यांना सामावून घेणं ऐकायला छान वाटतं, पण योजनेतल्या रुग्णालयांच्या खाटा त्याच वेगाने वाढलेल्या नाहीत. रांगेत पांढऱ्या कार्डवाला आणि पिवळ्या कार्डवाला शेजारी उभे राहिले की फोन कोणाचा लागतो, हे सांगायला नको.

३. आम्ही तर हप्ता भरत नाही. मग हा विमा कसला?

तुमच्या वाट्याचे पैसे सरकार भरतं, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून. राजीव गांधी योजनेच्या काळात सरकार एका सरकारी विमा कंपनीला कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये आणि वर सेवाकर देत होतं. तीनशे कुटुंबांचे ३३३ रुपये एकत्र केले की साधारण एक लाख होतात. म्हणजे तीनशे घरांत वर्षभरात एक लाखाची एकच शस्त्रक्रिया निघाली तरी सगळे पैसे संपले. त्यातून विमा कंपनीचा खर्च, आरोग्यमित्रांचे पगार, दावे तपासणाऱ्या डॉक्टरांचं मानधन हे सगळं निघायला हवं. हप्ता एवढा कमी का ठेवता येतो? कारण बहुतेक घरांत त्या वर्षी कोणी दाखल होत नाही आणि झालं तरी प्रत्येक आजार यादीत नसतो (प्रश्न ८ आणि १२ पाहा).

४. 'किफायतशीर' म्हणजे स्वस्त ना?

नाही, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. मंडईत दहा रुपयांना जुडी मिळाली आणि निम्मी मेथी पिवळी निघाली, तर ती स्वस्त असते, किफायतशीर नसते.

आरोग्याच्या अर्थशास्त्रात विचारतात, खर्चलेल्या रुपयामागे चांगल्या आयुष्याची किती वर्षं मिळाली? एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यापुरते. दीड लाखाच्या शस्त्रक्रियेने माणसाला धडधाकट दहा वर्षं मिळाली, तर वर्षामागे पंधरा हजार पडले. दुसऱ्या एका उपचाराला पाच लाख लागले, सहा महिने मिळाले आणि तेही निम्म्या ताकदीचे. म्हणजे पाव वर्षाला पाच लाख, पूर्ण वर्षाला वीस लाख. भारतात अशी तुलना करताना दरडोई देशांतर्गत उत्पादन, म्हणजे देशाच्या वर्षाच्या उत्पादनाचा माणशी वाटा, ही ढोबळ रेषा धरतात. ते सध्या वर्षाला दोन लाखांच्या वर आहे. पहिला उपचार रेषेच्या कितीतरी आत, दुसरा पार बाहेर.

म्हणून "योजना किफायतशीर आहे का" याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एकाच योजनेत दोन्ही प्रकारचे उपचार शेजारी-शेजारी असतात.

५. विम्यामुळे माणसं खरंच वाचतात, याला पुरावा आहे का?

आहे, आणि तो आपल्या शेजारचाच आहे. कर्नाटकने २०१० मध्ये वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी उत्तरेकडच्या जिल्ह्यांत सुरू केली. त्यामुळे एका सीमेच्या अलीकडची गावं योजनेत आणि पलीकडची बाहेर, अशी आयती तुलना मिळाली. अभ्यासकांनी अशी पावणेसहाशेच्या आसपास गावं तपासली. योजनेत बसणाऱ्या आजारांनी, मुख्यतः हृदयविकार आणि कर्करोगाने, होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण योजनेतल्या गरीब घरांत ०.३२ टक्के होतं, बाहेरच्या गरीब घरांत ०.९० टक्के. दारिद्र्यरेषेच्या वरच्या घरांत मात्र दोन्हीकडे फरक नव्हता, कारण योजना त्यांच्यासाठी नव्हतीच. फरक योजनेमुळेच पडला असावा, याची ही चांगली खूण आहे.

पण त्याच कर्नाटकात, गुलबर्गा आणि म्हैसूर भागांत, पुढे वेगळा प्रयोग झाला. दारिद्र्यरेषेच्या वरच्या सुमारे अकरा हजार कुटुंबांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून काहींना केंद्राच्या तेव्हाच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचं संरक्षण फुकट दिलं, काहींना विकत देऊ केलं, काहींना काहीच दिलं नाही. रुग्णालयात जाण्याचं प्रमाण थोडं वाढलं, पण तब्येतीच्या बहुतेक मोजमापांत ठळक फरक दिसला नाही. कार्ड वापरायला गेलेल्या अनेकांना ते वापरताच आलं नाही. संशोधकांना हा अनपेक्षित निष्कर्ष वाटला असेल. तालुक्याच्या गावात कार्ड घेऊन फिरलेल्या माणसाला वाटणार नाही.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २००८ मध्ये गरिबांच्या सरकारी विम्यासाठी चक्क सोडत काढली. रांगेत सुमारे नव्वद हजार लोक होते, नावं निघाली तीसएक हजारांची. दोन वर्षांनी पाहिलं तर नाव लागलेल्यांचं कर्ज कमी झालं होतं, नैराश्य घटलं होतं, डॉक्टरकडे जाणं वाढलं होतं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर यांत मात्र खात्रीने सांगण्यासारखा फरक नव्हता.

तिन्ही अभ्यास एकमेकांविरुद्ध वाटतात, तसे ते नाहीत. पहिल्यात मोठा आजार आणि त्यावर ठरलेली शस्त्रक्रिया होती, लाभ ढळढळीत दिसला. दुसऱ्यात संरक्षण होतं फक्त तीस हजारांचं आणि कार्ड चालवण्याची बोंब. तिसऱ्यात रोजचे चिवट आजार होते, जे विम्याच्या कागदाने उतरत नाहीत.

६. तब्येत सुधारली नाही तर पैसा वाया गेला म्हणायचा का?

अजिबात नाही. विम्याचं पहिलं काम घर बुडू न देणं हे आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत बाळंतपणं वगळून एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. मजुरीवर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम कपाटात नसते. ती येते पोतीच्या मण्यांतून, शेळ्या विकून, नाहीतर महिना पाच टक्क्यांच्या सावकारी पैशातून. जीव वाचला आणि व्याज राहिलं, तर पुढची दोन-तीन वर्षं मुलीची शाळा आणि घरातलं दूध त्या व्याजात जातं. आयुष्याच्या वर्षांत मोजणाऱ्या हिशेबात हे नुकसान नीट बसत नाही, म्हणून गरिबांच्या विम्याचं मोल तिथे नेहमी कमीच दिसतं.

७. कार्ड होतं, तरी रुग्णालयाने पैसे घेतले. असं का होतं?

माझ्या मामींचं सांगतो. खुब्याचं हाड मोडलं म्हणून योजनेतल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. मंजुरीचा निरोप यायला उशीर होईल, तोवर "अनामत" भरा, असं काउंटरवर सांगितलं. मामांनी भरली. मग इम्प्लांट (हाडात बसवायचा भाग) "चांगलं हवं असेल तर" वरचे पैसे मागितले. पावती साध्या वहीतल्या पानावर. डिस्चार्जच्या दिवशी आरोग्यमित्राने फॉर्मवर सही घेतली, 'मला कोणताही खर्च आला नाही' असं त्यावर छापलेलं होतं. मामांनी सही केली, कारण खाली टेम्पोवाला थांबला होता.

रुग्णालयांचंही एक म्हणणं असतं. पॅकेजचे, म्हणजे एका उपचारासाठी योजनेने ठरवलेले एकत्रित, दर कमी आहेत आणि दाव्याचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत, हे रडगाणं सगळं खोटं नाही. पण मंजूर पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, जेवण असं सगळं धरलेलं असतं, वर पैसे मागणं नियमात बसत नाही. तक्रारीसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० हे क्रमांक आहेत. रुग्ण खाटेवर असतानाच फोन करा. घरी आल्यावर केलेल्या तक्रारीत सही केलेला फॉर्म तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

असे पैसे घेतले जातात तेव्हा सरकारचा दावाही पूर्ण भरला जातो आणि घरही कर्जात जातं. एकाच शस्त्रक्रियेचे पैसे दोनदा गेले, पण कागदावरच्या हिशेबात एकदाच दिसतात.

८. गोळ्या-औषधं आणि ओपीडी योजनेत का नाही?

माझ्या मते ही योजनेची सगळ्यात मोठी उणीव आहे. भारतात लोकांच्या खिशातून आरोग्यावर जाणाऱ्या पैशात औषधं आणि ओपीडीचा वाटा मोठा आहे. योजना उघडते ती दाखल झाल्यावर आणि यादीतली प्रक्रिया निघाल्यावर. घरी जाताना काही दिवसांची औषधं आणि काही आजारांत पुढची तपासणी मिळते, तेवढंच.

आता एक माणूस डोळ्यांपुढे आणा. पंचेचाळिशीचा, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. गोळ्यांचा महिन्याचा खर्च जेनेरिक दुकानात थोडक्या रुपयांत भागतो, पण सरकारी दवाखान्यात गोळ्या संपल्या म्हणून तो दोन महिने घेत नाही. असं दहा वर्षं चालतं. मग किडनी जाते आणि योजनेचं दार उघडतं, डायलिसिस मोफत! आठवड्याला दोनदा धरलं तर वर्षाला १०४ खेपा. तालुक्याला जायचं-यायचं दोघांचं भाडं २४० रुपये, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी ४००, चहापाणी आणि खाणं ६० धरू. खेपेला सातशे, वर्षाला ७२,८०० रुपये. (सोबत बाई गेली तर एसटीचं तिकीट अर्धं, म्हणून बऱ्याच घरांत सुनेची मजुरी बुडते.) सरकारचा दावा वेगळाच.

ज्या टप्प्यावर रुपयाला सर्वाधिक आयुष्य विकत मिळतं, तिथे योजना नाही. जिथे सर्वात कमी मिळतं, तिथे ती पूर्ण ताकदीने उभी आहे. डायलिसिस बंद करा असं मी म्हणत नाही, माणसाला मरू द्यायचं नसतं. पण गोळ्यांचा पुरवठा तुटला की विम्याचा खर्च वाढतो, म्हणून गोळ्यांचा आणि विम्याचा हिशेब मंत्रालयात एकाच टेबलावर व्हायला हवा.

९. मग विम्याचे पैसे सरकारी दवाखान्यांनाच का देत नाहीत?

हा प्रश्न विचारणारे वर सांगितलेल्या नमुना पाहणीचा आकडा पुढे करतात: सरकारी रुग्णालयात सरासरी ४,४५२ रुपये, खासगीत ३१,८४५. म्हणजे सरकारी सात पट स्वस्त! सावध राहा. हे रुग्णाच्या खिशातून गेलेले पैसे आहेत. डॉक्टरांचे पगार, इमारत, यंत्रं, वीज हा सरकारी रुग्णालयाचा खरा खर्च त्यात नाही. दोन आकड्यांची थेट तुलना म्हणजे घरच्या भाकरीत पीठ धरायचं नाही आणि खानावळीच्या ताटाशी किंमत लावायची.

तरीही माझा कल सरकारी रुग्णालयांकडे आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार सगळ्यांना मोफत झाले (वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्यात नाहीत, हे विसरू नका). केसपेपरचे पैसेही गेले. ज्या आजाराला पॅकेज नाही, त्यालाही तिथे वाट मिळते.

शिवाय हे 'विमा की दवाखाना' असं भांडण नाही. योजनेचे दावे सरकारी रुग्णालयांनाही मिळतात आणि ज्या अधीक्षकाने कागदपत्रांची घडी नीट बसवली, तिथे त्या पैशातून रुग्णालयाची कामं होताना मी पाहिली आहेत. काही प्रक्रिया तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेल्या असतात. थायलंडने २००२ मध्ये आपली सर्वांसाठीची योजना आणली, तेव्हा ओपीडीसाठी माणशी ठरावीक रक्कम जवळच्या दवाखान्याच्या साखळीला आधीच दिली. माणूस निरोगी राहिला तर दवाखान्याचा फायदा. आपल्याकडे माणूस दाखल झाला तर रुग्णालयाचा फायदा.

१०. मधे विमा कंपनी कशाला?

असलीच पाहिजे असं नाही. काही राज्यं कंपनीला हप्ता देतात, काही स्वतःच्या संस्थेमार्फत थेट दावे भरतात, काही दोन्ही मिसळतात. कंपनी असली की सरकारचा वर्षाचा खर्च आधी ठरतो आणि जोखीम कंपनीची. नसली की नफ्याचा वाटा वाचतो, पण दावे तपासायला सक्षम माणसं सरकारलाच बाळगावी लागतात. दावे फारच कमी आले तर हप्त्याचा काही भाग परत घ्यायची अट करारात असावी लागते. ती नसेल तर दावे नाकारण्यातच कंपनीचा फायदा.

११. खोट्या दाव्यांत किती पैसा जातो?

पूर्ण रक्कम कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेला अहवाल बोलका आहे. आयुष्मान भारतच्या नोंदीत जवळपास साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे ९९९९९९९९९९ हा एकच मोबाइल क्रमांक होता. आधी मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेले होते. सरकारने खुलासा केला की पात्रता मोबाइलवर ठरत नाही. ते खरं आहे, पण मंजुरीचा निरोप मग कोणाला गेला?

मला खोट्या रुग्णापेक्षा खऱ्या रुग्णाची नको असलेली शस्त्रक्रिया जास्त सलते. २०१२ च्या सुमारास राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली छत्तीसगड आणि बिहारमधून गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं पेव फुटल्याच्या तक्रारी आल्या. असा दावा कागदावर चोख असतो. रुग्ण खरी, टाके खरे, बिल खरं. आपल्या बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याची गोष्ट मात्र यात मिसळू नका. तिथे बहुतेकींनी मुकादमाची उचल घेऊन खासगीत पदरचे पैसे भरले होते, विम्याचा त्यात हात नव्हता.

१२. पाच लाख संपले किंवा आजार यादीतच नाही. आता?

धर्मादाय रुग्णालयाकडे जा. महाराष्ट्रात न्यासाच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. नामांकित, चकचकीत रुग्णालयांपैकी बरीच धर्मादाय असतात. रिसेप्शनवर विचारलं तर "खाट नाही" ऐकू येतं, वैद्यकीय समाजसेवकाकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन गेलं तर उत्तर बदलू शकतं. यादी वेळोवेळी बदलते, म्हणून "मागच्या वर्षी नव्हतं" यावर थांबू नका, आरोग्यमित्राला प्रक्रियेचं नाव दाखवून पुन्हा विचारा.

१३. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात. मी काय वापरू?

ईएसआय. तुमचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के दर महिन्याला जातात आणि त्यात ओपीडी, औषधं, आजारपणातला भत्ताही आहे, म्हणजे प्रश्न ८ मधली उणीव तिथे नियमाने भरलेली आहे. प्रत्यक्षात दवाखान्यात काय मिळतं हा वेगळा विषय. महिना २१,००० च्या वर पगार गेला की यातून बाहेर पडता, तेव्हा रेशनकार्डाची घडी आधीच बसवून ठेवा.

१४. आम्ही गोव्यात राहतो, आणि सासर बेळगावकडे. आमचं काय?

गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना वेगळी आहे. तिला गरिबीची अट नाही, पाच वर्षांचा रहिवास लागतो. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख.

सीमाभागाचं जरा किचकट आहे. केंद्राच्या आयुष्मान यादीत नाव असेल तर देशात कुठल्याही संलग्न रुग्णालयात चालतं. फक्त राज्याच्या योजनेत असाल तर ती सोय गृहीत धरू नका. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ मराठीभाषक सीमागावांना महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं आणि त्यावरून दोन्ही राज्यांत बरीच शाब्दिक चकमक झाली. त्या गावांतल्या कोणी मला विचारलं तर मी एवढंच सांगतो: निघण्याआधी १५५३८८ वर फोन करून त्या रुग्णालयाचं नाव आणि तुमचा कागद, दोन्ही चालतात का, हे विचारून घ्या. गाडीभाडं तुमचंच असतं.